बैलाला पोळा आहे, गृहिणीला?

श्रावण अमावास्येच्या आदल्या संध्याकाळी शेतकऱ्याच्या गोठ्यात एक हृद्य सोहळा होत असतो. वर्षभर जू वाहून घट्टे पडलेले बैलाचे खांदे हळद आणि लोणी-तेल लावून मळले जातात, कढत पाण्याने शेकले जातात. दुसऱ्या दिवशी त्याच्या मानेवर जू ठेवायचे नाही, त्याच्यावर आसूड उगारायचा नाही. त्याला ओढ्यावर नेऊन न्हाऊ घालायचे, शिंगे रंगवायची, पाठीवर झूल टाकायची, वाजतगाजत गावातून मिरवायचे आणि घरी आणून पुरणपोळीचा घास भरवायचा. राबणाऱ्या मुक्या जिवाला वर्षातून एक दिवस देवाच्या आसनावर बसवणारी ही कृतज्ञता म्हणजे भारतीय मनाची श्रीमंती होय, असे त्या दिवशी व्याख्यानांतून आणि अग्रलेखांतून सांगितले जाते. ते खरेच आहे.

परंतु त्याच अमावास्येचे दुसरे नाव पिठोरी. तो महाराष्ट्राचा जुना मातृदिन. घरची आई त्या दिवशी मुलांच्या दीर्घायुष्यासाठी उपास करते, पिठाच्या चौसष्ट योगिनी मांडून पूजा करते आणि खीरपुरीचे वाण डोक्यावर धरून मागे न पाहता ‘अतीत कोण?’ असे विचारते. मागे उभी असलेली मुले आपापली नावे सांगून ते वाण घेतात. एकच तिथी, एकच घर. गोठ्यात बैल विश्रांती घेत असतो आणि माजघरात आई उपाशीपोटी पुरण वाटत असते. बैलाला भरवायचा पुरणपोळीचा घास कुणाच्या हातचा, हे पोळ्यावरच्या व्याख्यानात सहसा येत नाही.

मुंबईच्या गिरणी कामगाराला रविवारची सुट्टी मिळवून देण्यासाठी नारायण मेघाजी लोखंडे यांना कित्येक वर्षे झगडावे लागले. १८९० साली ती मागणी मान्य झाली. पुढच्याच वर्षीच्या कारखाने कायद्याने गिरणीतल्या बायकांचा दिवस अकरा तासांवर आणला. स्वातंत्र्यानंतरच्या १९४८ च्या कायद्याने कामगाराचा आठवडा अठ्ठेचाळीस तासांत बांधला. कारकुनाला रजा मिळाली, शिक्षकाला उन्हाळी सुट्टी मिळाली, न्यायाधीशांना दीर्घ सुट्टी मिळाली. या सव्वाशेहून अधिक वर्षांत ज्या एका श्रमिकेचा वार कुणी ठरवला नाही, ती म्हणजे घरची गृहिणी. उलट लोखंड्यांनी जगाला जो रविवार दिला, तोच तिच्या आठवड्यातला सर्वांत कष्टाचा दिवस ठरला. रविवारी सारे घरी असतात, सारे उशिरा उठतात, साऱ्यांना काहीतरी वेगळे खायचे असते. नाश्त्याची शेवटची बशी साडेदहाला विसळून होते आणि अकराला कुणीतरी विचारते, “आज जेवायला काय?”

सरकारलाही ही श्रमिका दीर्घकाळ दिसली नव्हती. २००१ च्या जनगणनेत सुमारे छत्तीस कोटी स्त्रिया ‘काम न करणाऱ्या’ या सदरात टाकण्यात आल्या आणि त्या सदरात त्यांच्या शेजारी भिकारी, वेश्या आणि कैदी होते. २०१० साली एका अपघाताच्या नुकसानभरपाईचा निवाडा करताना सर्वोच्च न्यायालयाने या वर्गवारीवर कठोर ताशेरे ओढले. अपघातात पत्नी दगावली, तर मोटार वाहन कायद्याच्या परिशिष्टानुसार तिचे मोल पतीच्या उत्पन्नाच्या एक तृतीयांश धरले जाई. म्हणजे नवरा कमी मिळवत असेल, तर तिने केलेला स्वयंपाकही स्वस्त! १९८९ च्या जमशेदपूरच्या अग्निकांडात मृत्यू पावलेल्या गृहिणींच्या सेवेचे मोल २००१ साली न्यायालयाने महिना तीन हजार रुपये धरले आणि तेही त्या काळी मोठे पाऊल मानले गेले. २०२१ च्या आणखी एका निकालपत्रात २०११ च्या जनगणनेचा दाखला आहे : घरकाम हाच मुख्य व्यवसाय सांगणाऱ्या स्त्रिया जवळजवळ सोळा कोटी आणि पुरुष अठ्ठावन्न लाखांच्या आत. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या स्त्रीचा त्यात जाणारा वेळ दिवसाला सरासरी २८९ मिनिटे, तर पुरुषाचा ८८ मिनिटे भरला. या सरासरीत नोकरी करणाऱ्या स्त्रियाही आल्या आणि शाळकरी मुलीही आल्या. केवळ घर सांभाळणारीचा दिवस याहून मोठा असणार, हे सांगायला सर्वेक्षणाची गरज नाही.

२०१० च्या त्याच निकालपत्रात एक वाक्य गृहिणीच्या गौरवाचे आहे. पत्नी आणि माता घड्याळ पाहून काम करीत नाही, ती रात्रंदिवस कुटुंबाच्या सेवेत असते, अशा आशयाचे. न्यायमूर्तींचा हेतू उदात्त होता. परंतु जी घड्याळ पाहून काम सुरू करीत नाही, तिला घड्याळ पाहून काम थांबवताही येत नाही, ही त्या गौरवाची दुसरी बाजू आहे.

आता या विषयावर बोलू लागले की दोन प्रकारची माणसे तावातावाने पुढे येतात. पहिला वर्ग तथाकथित पुरोगाम्यांचा. त्यांच्या लेखी घर हा तुरुंग, स्वयंपाकघर ही कोठडी आणि संसार करणारी स्त्री ही एक तर बळी किंवा अडाणी. ‘नुसती घरीच असते का?’ हा त्यांचा प्रश्न आणि त्यातल्या ‘नुसती’ या शब्दात त्यांची सारी करुणा सामावलेली. पश्चिमेत १९७२ नंतर घरकामाला वेतन मागणारी चळवळ उभी राहिली. आइसलंडमध्ये २४ ऑक्टोबर १९७५ या दिवशी देशातल्या सुमारे नव्वद टक्के स्त्रियांनी घरातले आणि बाहेरचे सारे काम बंद ठेवले. बाप लोक मुलांना घेऊन कचेरीत गेले आणि दुकानांतले सहज शिजणारे सॉसेज संपले. ही हकिकत आपल्याकडे मोठ्या कौतुकाने सांगितली जाते. सांगणाऱ्यांनी एवढेच ध्यानात घ्यावे की, ज्या समाजात विश्रांतीसाठी संप करावा लागतो, त्या समाजात विश्रांतीची रीत उरलेली नसते. हिंदू समाजात ती रीत होती. ती पंचांगात लिहिलेली होती.

दुसरा वर्ग मात्र स्वकीयांचा आहे आणि खरे भांडण त्याच्याशीच करायला हवे. हा वर्ग पुरोगाम्यांना उत्तर देताना छाती पुढे काढून म्हणतो, “आमच्याकडे स्त्रीला देवता मानतात.” मानतात, यात शंका नाही. गृहलक्ष्मी, अन्नपूर्णा, मातृशक्ती, कुटुंबव्यवस्थेचा कणा. विशेषणांना तोटा नाही. परंतु देवतेलाही आपल्या परंपरेत शेजारती असते, पडदा ओढून देवळाची दारे बंद होतात. या घरच्या अन्नपूर्णेची शेजारती कधी, हे तिला देव्हाऱ्यात बसवणाऱ्यांपैकी कुणी सांगेल काय?

पंचांगातली ती रीत पाहावी. नागपंचमीला चिरायचे नाही, कापायचे नाही, तळायचे नाही, चुलीवर तवा ठेवायचा नाही. पुरणाची दिंडे उकडायची आणि झाडाला बांधलेल्या झोक्यावर जायचे. लगेच दोन दिवसांनी शिळासप्तमी : त्या दिवशी चूलच पेटवायची नाही, आदल्या दिवशीचे शिळे खायचे. मंगळागौरीला नव्या सुनेने रात्रभर झिम्मा, फुगडी, पिंगा खेळायचा. खानदेशात आखाजीला सासुरवाशिणींनी माहेरी यायचे, झोके घ्यायचे. भाद्रपदात गौर येते, तीही माहेरवाशीण म्हणूनच; तीन दिवस राहते, जेवते, दागिने लेऊन मिरवते आणि जाते. पहिले बाळंतपण माहेरी, दिवाळसण माहेरी. ज्यांनी हा क्रम लावला, त्यांना संसार करणाऱ्या बाईच्या पाठीची कळ ठाऊक होती. (महिन्याचे चार दिवस बाजूला बसण्यालाही कुणी विश्रांतीची सोय म्हणतात. तो शुद्ध कांगावा आहे. ज्या विश्रांतीत माणसाचा स्पर्श चालत नाही, तिला विश्रांती म्हणू नये.)

आज काय शिल्लक आहे? नैवेद्य शिल्लक आहे, सुट्टी गेली. गौरीच्या सोळा भाज्या राहिल्या आणि नागपंचमीचा झोका गेला. मंगळागौरीचे जागरण गेले आणि दुसऱ्या दिवशीचे जेवण राहिले. मोदकांची संख्या वाढली, कारण आता सोसायटीतल्या प्रत्येक घरी डबा जायला हवा. चातुर्मासातला उपास राहिला आणि त्याच्यासोबत दोन स्वयंपाक आले : उपास करणाऱ्यांना साबुदाण्याची खिचडी, वऱ्याचे तांदूळ आणि दाण्याची आमटी; न करणाऱ्यांना पोळीभाजी. ‘एकादशी, दुप्पट खाशी’ ही म्हण खाणाऱ्याची थट्टा करते. रांधणारीचे काय होते, याविषयी ती गप्प आहे.

दिवाळीच घ्यावी. अनारशाचे तांदूळ तीन दिवस भिजायचे, रोज पाणी बदलायचे, मग कांडायचे आणि गुळात मुरवत ठेवायचे. भाजणी भाजून दळून आणायची. घराची झाडलोट, माळ्यावरची भांडी, देवाची उपकरणी. नरकचतुर्दशीच्या पहाटे सगळ्यांच्या आधी उठून ज्या हातांनी इतरांना तेल-उटणे लावायचे, त्या हातांना अभ्यंग घडते ते सर्वांत शेवटी आणि तेही घाईत, कारण फराळाची ताटे मांडायची असतात. पाडव्याला ओवाळणी मिळते. ती घेऊन पुन्हा ओट्यापाशी. आणि मग भाऊबीज. या दिवसाची गोष्ट फार कमी सांगितली जाते. त्या दिवशी ती बहीणही असते आणि वहिनीही. नणंद येणार म्हणून श्रीखंड-पुरीचा बेत तिच्या घरी. तिच्या स्वतःच्या भावाकडे ती जाणार ‘नंतर, सवडीने’. कित्येक घरांत ही सवड देवदिवाळीपर्यंत मिळत नाही. भाऊ फोनवर हसून म्हणतो, “अगं, चालतं.” चालतेच. दरवर्षी चालते.

उन्हाळ्याच्या सुट्टीचीही तीच तऱ्हा. ही सुट्टी शाळेची असते, म्हणजे मुलांची. मुले दिवसभर घरात असण्याचा दुसरा अर्थ, दुपारी दोन ते चार हा वेळही तिच्या हातून गेला. त्यात सांडगे, पापड, लोणची, वर्षाचे मसाले. मग सहल. बँकेच्या किंवा कचेरीच्या विश्रामगृहाचे आरक्षण झाले की घरातला कर्ता पुरुष समाधानाने सांगतो, “तिथे स्वयंपाकघर आहे, बाहेर खायचा प्रश्न नाही.” म्हणजे ओटा तेवढा बदलतो. पोळपाट-लाटणे, मिसळणाचा डबा, दशम्या, मेतकूट, लहान कुकर हे सारे पिशवीत आधी जाते. महाबळेश्वरची थंड हवा तिला खिडकीच्या गजांतून लागते आणि परतल्यावर धुण्याचे तीन ढीग तिची वाट पाहत असतात.

जुन्या काळी मुले आजोळी जात आणि आईही माहेरी जाई, ती खरी सुट्टी होती, असे म्हटले जाते. त्यात तथ्य आहे, पण पुरते नाही. माहेरी आलेली लेक पंधरा दिवस हातावर हात ठेवून बसे, कारण तिची आई आणि तिची वहिनी उभ्या असत. माहेरपणाचे देणे वहिनी फेडत असे. ती व्यवस्था टिकली होती, कारण ते देणे फिरते होते. आज उभी असलेली वहिनी पुढच्या महिन्यात तिच्या माहेरी लेक म्हणून बसणार असे. आता घरे चौकोनी झाली. आई थकली, वहिनी नोकरीला लागली, भावाचे घर दोन खोल्यांचे. माहेरपण मोडले ते कुणाच्या दुष्टाव्याने मोडले नाही. मात्र ते मोडल्यावर त्याच्या जागी दुसरे काही उभे करण्याचे कर्तव्य कुणाचे होते? नवऱ्याचे होते आणि वाढत्या मुलांचे होते. त्यांनी ते केले नाही.

यात एक विशेष घर आहे आणि त्याचा उल्लेख टाळणे अप्रामाणिकपणाचे होईल. ते घर कार्यकर्त्याचे. तेथे रविवारी बैठक असते, अभ्यासवर्गासाठी शंभर पोळ्यांची मागणी येते, प्रवासातले पाहुणे अवेळी येतात आणि कार्यकर्ता दारातूनच आत सांगतो, “दोन पाने वाढव.” ती वाढवते. अनेक संस्थांच्या इतिहासात न लिहिलेले प्रकरण हे या वाढवलेल्या पानांचे आहे. ती हे आनंदाने करते, असे कार्यकर्ता सांगतो आणि बहुधा ते खोटे नसते. तथापि ‘कुटुंब प्रबोधन’ या विषयावर तासभर बोलून रात्री अकराला घरी परतणाऱ्याने, झाकून ठेवलेले ताट उघडण्यापूर्वी, झाकणारी जेवली आहे काय, एवढे विचारले तर त्या प्रबोधनाला काही अर्थ येईल. १९३६ साली वर्ध्यात लक्ष्मीबाई केळकरांनी राष्ट्र सेविका समितीची स्थापना केली, तेव्हा त्या वैधव्य आलेल्या, मोठा संसार अंगावर असलेल्या गृहिणीच होत्या. गृहिणी राष्ट्रकार्यात उतरली पाहिजे, हे आज सर्वांनाच मान्य आहे. ती कोणत्या वेळात उतरणार, हे मात्र कुणी सांगत नाही. भाजी निवडता निवडता?

यावर ठरलेली उत्तरे आहेत. पहिले : “तिला हे आवडते.” आवडते हे खरे. ज्याला गाणे आवडते, त्यालाही रोज चौदा तास गायला लावले तर त्याचा गळा बसतो. दुसरे : “आमची आई कधी थकली नाही.” आई थकली नाही, की तिने थकल्याचे सांगितले नाही, याचा शोध घ्यायला आता अनेकांना उशीर झाला आहे. तिसरे उत्तर अधिक आधुनिक : “यंत्रे आली की!” आली. मिक्सर आला, धुलाईयंत्र आले. कढणारे आणि पिळणारे हात थोडे सुटले. पण यंत्राला काय घालायचे, केव्हा घालायचे, डाळ संपत आली आहे, गॅसचा नंबर लावायचा आहे, सासऱ्यांची गोळी साडेआठची आहे आणि धाकट्याच्या शाळेत उद्या हिरवा कागद न्यायचा आहे, हे लक्षात ठेवणारे यंत्र अजून निघालेले नाही. चौथे उत्तर मदतनीस बाईचे. तिलाही घर आहे, तिच्याही घरी गौरी बसतात. सणाच्या दिवशी तिने खाडा केला की सुशिक्षित घरांत जी चिडचिड होते, ती ऐकली म्हणजे सुट्टीविषयीची आपली दानत किती, ते कळते.

शिवाय प्रश्न केवळ दयेचा नाही. अलीकडे घरोघरी एक तक्रार ऐकू येते : नव्या मुलींना कुलाचार नकोत, गौरी दीड दिवसाच्या केल्या, नवरात्रातली सवाष्ण बंद झाली, पुरण विकत आणले. याचे खापर पाश्चात्य शिक्षणावर आणि दूरचित्रवाणीवरच्या मालिकांवर फोडून मोकळे होता येते. वास्तविक या मुलींनी इंग्रजी पुस्तके वाचून हा निर्णय घेतलेला नाही. त्यांनी आपल्या आईला पाहिले. गणपतीच्या दहा दिवसांत सुजलेले तिचे पाय पाहिले, सगळ्यांची पंगत उठल्यावर ओट्यापाशी उभ्याने खाल्लेला तिचा घास पाहिला, हळदीकुंकवाला आलेल्या बायकांसमोर ओढून आणलेले तिचे हसू पाहिले. तोच आईचा सण असेल, तर तो नको, असे त्यांनी न बोलता ठरवले. देवावरचा त्यांचा विश्वास उडालेला नाही. पंगतीतल्या पुरुषांवरचा उडाला आहे. ज्या घरात बाप आणि मुलगा सकाळी पाचला उठून नारळ खोवतात, उकड मळतात, भांडी घासतात, त्या घरातल्या सुनेला गौरी जड वाटण्याचे कारण उरत नाही. सोवळ्याचा प्रश्न कुणी काढला, तर त्याने लग्नाच्या आणि मठांच्या पंगतींत पिढ्यान्‌पिढ्या रांधणारे आचारी कोण होते, ते आठवावे. पुरुषांच्या हातचा स्वयंपाक देवाला चालत आला आहे. तो घरच्या ओट्यावरच तेवढा चालत नाही.

‘मदर्स डे’ साजरा करू नये, ती परकी प्रथा आहे, असा संदेश दर मे महिन्यात फिरत असतो आणि आपला मातृदिन पिठोरीचा, असे त्यात अभिमानाने लिहिलेले असते. ठीक आहे. मग पिठोरीला काय करणार, तेही लिहावे. त्या दिवशी उपास तिने मुलांसाठी करायचा. तिच्यासाठी मुलांनी काय करायचे, याचा एकही विधी नाही. विश्वकर्मा जयंतीला अवजारांची पूजा करून ती बाजूला ठेवणारा समाज एक दिवस पोळपाट-लाटण्याची पूजा करून ते फळीवर ठेवू शकेल. त्यासाठी शास्त्रार्थाची आवश्यकता नाही.

आणि शिळासप्तमी तर हाताशी आहेच. श्रावण शुद्ध सप्तमी, चूल थंड, शिळे अन्न. सुट्टीचा दिवस आयता लिहून ठेवलेला. फक्त त्यात एक मेख आहे, जी जुन्या आज्या ओठ दाबून हसत सांगत असत : सुट्टी चुलीला मिळते, बाईला नव्हे. सप्तमीला चूल पेटवायची नाही म्हणून षष्ठीच्या रात्री दोन दिवसांचा स्वयंपाक तिलाच रांधावा लागतो. गुजरातेत श्रावण वद्य षष्ठीला उघडपणे ‘रांधण छठ’ असेच नाव आहे. तेव्हा येत्या श्रावणात सप्तमी पाळायची झाल्यास षष्ठीला संध्याकाळी सहा वाजता घरातल्या पुरुषांनी बाह्या वर सरसावून ओट्यापाशी यावे. दशम्यांची कणीक दुधात भिजवायची असते. कोथिंबिरीच्या वड्या उकडून ठेवल्या तर दुसऱ्या दिवशी नुसत्याही चांगल्या लागतात. दही आदल्या रात्रीच विरजावे. मीठ कुठे ठेवले आहे, हे मात्र तिला हाक मारून विचारू नये. ते वीस वर्षे त्याच डब्यात आहे.